तराजूला पारडी दोन असतात

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या व्याख्यानात आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते पोलाद कारखान्याच्या सुरक्षा विभागातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत.)



आरतीनंतर आणि जेवणाआधी भाषणाला उभं राहणं हीच एक मोठी जोखीम आहे. समोर मसालेभाताचा वास येतोय आणि इथे माइकवर मी. तेव्हा वेळेचं भान ठेवतो.

कार्यकारिणीनं मला 'आरोग्य' या विषयावर बोला असं सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षं मी कारखान्यात सेफ्टीचं काम केलं. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, परमिट घेतल्याशिवाय कामाला हात लावू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला, आणि तुमच्यापैकी अनेकांनी मला मागून नावंही ठेवली. पण कोरोनाच्या त्या दोन-तीन वर्षांत माझ्या ध्यानात आलं की आपण सगळेच रोज सकाळी उठून एक सेफ्टीचं काम करत होतो. दूध आणायला जावं का? भाच्याच्या लग्नाला जावं का? आईला दवाखान्यात न्यावं का? आणि हे काम आपल्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ज्याला शिकवलेलं होतं, म्हणजे मला, त्यानं ते घरी कसं चुकवलं, तेही आज सांगणार आहे.

आधी दोन शब्द नीट वेगळे करू. धोका आणि जोखीम. आपण दोन्ही एकाच अर्थानं वापरतो, पण सेफ्टीच्या माणसाला ते वेगळे आहेत. लेडलमध्ये चौदाशे-पंधराशे अंशांचं वितळलेलं लोखंड असतं. तो धोका. तो कायम तितकाच. पण मी त्या लेडलपासून किती दूर उभा आहे, किती वेळ उभा आहे, मध्ये आडोसा आहे का, माझ्या अंगावर काय आहे, यावर माझी जोखीम ठरते. धोका तोच असून माझी जोखीम नगण्य असू शकते, किंवा जिवावरची असू शकते. आपण इतकी वर्षं त्या लोखंडाशेजारी नोकरी केली, मुलं शिकवली, घरं बांधली, ती धोका नव्हता म्हणून नव्हे, जोखीम आवाक्यात ठेवली म्हणून.

दुसरं उदाहरण तर कोरोनाला हुबेहूब लागू पडतं. ब्लास्ट फर्नेसच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. तिथल्या लोकांच्या खिशाला गॅस मॉनिटर लावलेला असतो. आता या वायूसाठी कायद्यात मर्यादा कशी लिहिली होती? 'वायू आहे' किंवा 'वायू नाही' अशी नव्हती. आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी ५० पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ४०० पीपीएम, अशी होती. म्हणजे प्रश्न दोन: हवेत किती आहे, आणि तुम्ही किती वेळ ती हवा घेताय. उघड्या मैदानात तोच वायू वाऱ्यावर विरून जातो, बंद खोलीत साठत जातो.

कोरोनाचा विषाणूही असाच, न दिसणारा, वास नसलेला आणि बंद हवेत साठणारा. पण सुरुवातीला हे आपल्याला कळलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेचाही सुरुवातीचा भर हात धुण्यावर आणि अंतर ठेवण्यावर होता. हवेतून पसरण्याची गोष्ट स्पष्टपणे मान्य व्हायला २०२१ साल उजाडलं. तोपर्यंत आपण काय केलं? दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली. वर्तमानपत्र बंद केलं. आमच्या सौ.नी तर नोटांना इस्त्री केली होती! पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं सांगितलं की दूषित वस्तूला एकदा हात लावून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

याउलट एक प्रसंग ऐका. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाच्या भागात १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाचा सराव होता. ६१ माणसं, बंद दालन, जवळजवळ खुर्च्या आणि अडीच तास गाणं. त्यांतल्या एका व्यक्तीला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी पडले. त्यांतले ३३ तपासणीत निश्चित झाले, बाकीचे लक्षणांवरून. दोघं दगावले. आता मला सांगा, बंद हॉल, दाटीनं उभी माणसं आणि खड्या आवाजात गाणं, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे की नाही? आपली आरती दुसरं काय आहे?

म्हणून माझा पहिला मुद्दा असा की जोखीम मोजताना 'बाहेर जाऊ की नको' हा प्रश्नच चुकीचा. विचारायचे प्रश्न चार. हवा कशी आहे, उघडी की कोंडलेली? वेळ किती, पाच मिनिटं की तीन तास? माणसं किती, आणि ती गप्प बसलीत, बोलताहेत की गाताहेत? आणि चौथा, जाणारा कोण? त्याचं वय काय, दुखणी काय?

या चौथ्या प्रश्नाचा आकडा ऐकण्यासारखा आहे. लस येण्यापूर्वी, २०२० मध्ये, प्रगत देशांतल्या आकडेवारीचा एकत्र अभ्यास झाला. संसर्ग झालेल्यांपैकी किती जण दगावतात? पंचविशीत साधारण दहा हजारांत एक. पंचावन्नाव्या वर्षी हजारात चार. पासष्टाव्या वर्षी हजारात चौदा. पंचाहत्तराव्या वर्षी हजारात सेहेचाळीस. आणि पंच्याऐंशीव्या वर्षी शंभरात पंधरा. आपल्याकडचे नेमके आकडे वेगळे असतील, पण चढण तीच. म्हणजे एकाच घरात, एकाच ताटलीतला लाडू खाणारे आजी आणि नातू, यांची जोखीम हजार पटींहून अधिक वेगळी. 'आपल्या घराला किती धोका' असा प्रश्न विचारून चालतच नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. त्या वर्षी माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. साखर आणि रक्तदाब, दोन्ही जुने सोबती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि मी सेफ्टी ऑफिसरच्या थाटात घरात फर्मान काढलं, आईनं उंबरठा ओलांडायचा नाही. तिचं संध्याकाळचं सेक्टरमधलं फिरणं बंद. शेजारच्या काकू येणं बंद. दर दोन महिन्यांची साखरेची तपासणी बंद, कारण दवाखाना म्हणजे कोरोनाचं घर. औषधं जुन्याच चिठ्ठीवर चालू.

२२ ऑगस्टला गणपती बसले. तुम्हाला आठवत असेल, आपण त्या वर्षी लहान मूर्ती आणली होती, मांडवाला कनाती नव्हत्या, आरतीला पाच-सहा माणसं. तिकडे मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळानंही त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला होता. आई म्हणाली, "मला दहा मिनिटं नेऊन आण रे. लांबून हात जोडते." मी म्हणालो, "आई, हट्ट करू नकोस. मोबाइलवर दाखवतो." तिनं मोबाइलवर पाहिलं. काही बोलली नाही.

त्याच दहा दिवसांत माझ्या नातवाचा वाढदिवस आला. लेकराचा हिरमोड नको म्हणून 'फक्त घरचीच' माणसं बोलावली. मुलगा-सून, शेजारचं एक कुटुंब, माझे एक जुने सहकारी आणि वहिनी. बाराजण. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या लावलेल्या. केक, जेवण, गप्पा, गाणी, अडीच-तीन तास. मास्क कुणालाच नाही, कारण सगळी ओळखीची! पाचव्या दिवशी मला ताप आला, मग सौ.ना, मग शेजाऱ्यांना. आई मागच्या खोलीत असायची, ती वाचली.

मंडळी, उघड्या मैदानातली दहा मिनिटं मी नाकारली आणि कोंडलेल्या खोलीतले तीन तास मी स्वतः आयोजित केले. देवाला गर्दी म्हटलं आणि घराला सुरक्षित म्हटलं. पण विषाणूला ओळख-पाळख नसते. आई वाचली हे माझं गणित बरोबर होतं म्हणून नव्हे. कारखान्यात याला आपण 'निअर मिस' म्हणतो. वरून सळई पडली, दोन फुटांवर पडली. 'काही झालं नाही' म्हणून रजिस्टरमध्ये नोंद न करणारा फोरमन चांगला फोरमन नव्हे. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं धरू नये.

पण खरी चूक ही नव्हती. खरी चूक दसऱ्याला उघडी पडली. आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जुलैमध्ये चपलेचा फोड आला होता. तिनं तो लपवला. का? तर दवाखान्यात जावं लागेल, आणि आपल्यामुळे घरात आजार येईल. हळद लावून, फडकं बांधून ती तीन महिने गप्प राहिली. दसऱ्याला सौ.नी तिचे पाय धुताना पाहिलं, तोवर दोन बोटं काळी पडली होती. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. साखर तीनशेच्या वर होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दोन महिने आधी आणलं असतं तर ड्रेसिंगवर भागलं असतं." रोज तीन किलोमीटर फिरणारी माझी आई त्यानंतर वॉकरशिवाय चालली नाही.

मी कोरोना एका पारड्यात घातला, आणि दुसऱ्या पारड्याकडे पाहिलंच नाही. तराजूला पारडी दोन असतात. न जाण्याचीही किंमत असते. ती लगेच दिसत नाही, एवढंच.

हे माझ्या एकट्याच्या घरात झालं असं नाही. देशभरातले क्षयरोगाचे आकडे पाहा. २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये सुमारे १८ लाखांची. एका वर्षात क्षयरोग इतका कमी झाला का? नाही. तपासण्या मंदावल्या आणि माणसं दवाखान्यात पोहोचलीच नाहीत. आणि फक्त साथीतच असं होतं असंही नाही. २००१ मध्ये अमेरिकेत विमानं धडकवली गेली, त्यानंतर अनेक लोक विमानाच्या भीतीनं मोटारीनं प्रवास करू लागले. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं हिशोब मांडला की पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार माणसं जास्त मेली. एका भीतीपासून पळताना आपण दुसऱ्या जोखमीच्या कुशीत शिरतो, आणि ती ओळखीची असल्यामुळे आपल्याला भीती वाटत नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये दीड लाखाहून जास्त माणसं रस्त्यांवरच्या अपघातांत गेली. त्यासाठी आपण कधी स्कूटर घरात कोंडून ठेवली नाही. पण हेल्मेटही धड घातलं नाही!

लसीच्या वेळीही हाच तराजू लागत होता. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. आपल्या ओळखीतले काही जण रक्ताच्या गुठळ्यांच्या बातम्या वाचून थांबले. ती बातमी खोटी नव्हती. कोविशील्डच्या जातीच्या लसीनं अगदी थोड्यांना तसा त्रास झाला. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार लाख पहिल्या डोसांमागे एक-दोघांना. पण पासष्टीच्या माणसाचं दुसरं पारडं काय होतं? संसर्ग झालाच तर लाखामागे चौदाशे मृत्यू. ब्रिटननं त्याच काळात तरुणांना शक्यतो दुसरी लस द्या असं ठरवलं, आधी तिशीच्या आतल्यांना, मग चाळिशीच्या आतल्यांना. कारण तरुणांचं कोरोनाचं पारडंच हलकं होतं. तराजू तोच, माणूस बदलला की काटा बदलतो. आणि मग एप्रिल आला. ६ एप्रिलपासून आपल्या दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी लागली. पोलाद कारखान्यांतला ऑक्सिजन टँकरांतून देशभर जात होता, आणि आपण रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याचे फोन घेत होतो. लसीसाठी थांबलेल्यांपैकी दोन जण आज या सभेत नाहीत. त्यांची नावं घेत नाही. तुम्हाला ती माहीत आहेत.

आता आणखी एक गोष्ट, जी कारखान्यात कंत्राटी कामगारांच्या बाबतीत नेहमी डोळ्यांआड होते. आम्ही घरात बसलो तेव्हा आमची जोखीम कमी झाली. पण भाजी आली, सिलिंडर आला, कचरा गेला. तो कुणीतरी उचलला. म्हणजे जोखीम नाहीशी झाली नव्हती, आमच्या अंगावरून त्यांच्या अंगावर गेली होती. दारावर येणाऱ्या भाजीवाल्या भैयाला आम्ही लांबूनच बोलायला सांगायचो. त्याला एक चांगला मास्क द्यावा हे मला सुचायला सहा महिने लागले. माझी जोखीम माझ्यापुरती नसते, हे साथीच्या रोगाचं वेगळेपण आहे. हेल्मेट न घालणारा स्वतःचं डोकं फोडतो. ताप असून आरतीला येणारा दुसऱ्याची आजी धोक्यात घालतो.

आणि याची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांना जोखीम कळत नव्हती का? गावं ओस पडताना त्या पाहत होत्या. दुसऱ्या पारड्यात काय आहे हे ठाऊक असून त्यांनी ती उचलली. जोखीम मोजायची ती कायम पळण्यासाठी नव्हे. कशासाठी पत्करायची आणि कशासाठी नाही, हे ठरवण्यासाठी मोजायची.

आपण मध्यमवर्गीय माणसं महिन्याचं अंदाजपत्रक बरोबर करतो. पगार ठरलेला, तेव्हा औषधाला आणि फीला आधी, हॉटेलला उरलं तर. साथीच्या दिवसांत जोखमीचंही असंच अंदाजपत्रक करावं. दवाखान्याची तपासणी, म्हाताऱ्या माणसाचं मोकळ्या हवेतलं फिरणं, शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाची भेट, हे आवश्यक खर्च. बंद खोलीतली पार्टी हा चैनीचा खर्च. मी नेमकं उलटं केलं. चैनीला उधळलं आणि औषधाला कात्री लावली.

आणि खर्च कमी करायचा क्रमही कारखान्यातलाच. आधी धोका मुळातून दूर करा, म्हणजे आजारी माणसानं घरी राहावं. मग हवा सुधारा, खिडक्या उघडा, कार्यक्रम बाहेर घ्या. मग वेळ आणि गर्दी कमी करा. मास्क सर्वांत शेवटी. हेल्मेट जसं शेवटचं, तसा मास्क शेवटचा. शेवटचा म्हणजे निरुपयोगी नव्हे. वरचे तीन उपाय जमत नाहीत तिथे तोच आधार. दवाखान्यात जाताना आईला मी चांगला मास्क लावून, सकाळी पहिल्या नंबराला नेलं असतं, तर काम झालं असतं.

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ती आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, आणि दर पावसाळ्यात ताप-खोकला तर येतोच. म्हणून मंडळाला तीन विनंत्या करतो. मांडवाच्या निदान दोन बाजू उघड्या ठेवाव्यात. ज्येष्ठांसाठी कडेला, वाऱ्याच्या बाजूला खुर्च्या असाव्यात. आणि ज्याला ताप-खोकला आहे त्यानं आरतीला येऊ नये, कुणीतरी त्याच्या घरी प्रसाद पोहोचवावा. घरी राहणं हा देवाचा अनादर नाही. उलट न येणाऱ्याची चौकशी करणं, त्याची औषधं चालू आहेत का, तपासणी झाली का, हे विचारणं ही मंडळाची जबाबदारी. आपण गाव सोडून इतक्या दूर आलेली माणसं. इथे आपले नातेवाईक म्हणजे आपणच.

२०२२ च्या गणपतीला मी आईला व्हीलचेअरवर या मैदानात आणलं. लस झालेली, तोंडाला मास्क, आम्ही त्या कडुलिंबाखाली उभे राहिलो. दहा मिनिटांचं ठरलं होतं, ती आरती संपेपर्यंत हलली नाही. परत जाताना म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी पायांनी आले असते रे." तक्रारीच्या सुरात नाही, सहज म्हणाली. पुढच्या वर्षी ती गेली. कोरोनानं नाही, वयानं.

ते वाक्य मी माझ्या निअर मिसच्या रजिस्टरात लिहून ठेवलं आहे. आज तुमच्यासमोर वाचून दाखवलं, म्हणजे तुमच्यापैकी कुणावर ते लिहायची वेळ येऊ नये. घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची शेवटची तपासणी कधी झाली, ते विचारा. आणि त्यांचे पाय पाहा.

मसालेभात गार होऊ देऊ नका, हीही जोखीमच.

गणपती बाप्पा मोरया!